खारेपाटातली चिकण माती: मीठ धुतलं तरी पाणी का मुरत नाही?

मागच्या व्याख्यानात आपण कोकणातल्या वरकस जमिनीबद्दल बोललो. तिथली माती तांबडी, जांभ्याची. पाऊस पडतो, मुरतो आणि निघून जातो. आज आपण तिच्या अगदी उलट्या स्वभावाच्या मातीकडे येतोय. मुंबई-गोवा रस्त्यावर वडखळला अलिबागकडे वळलं आणि धरमतरचा पूल ओलांडला की पोयनाडच्या आसपास दोन्ही अंगांना सपाट भातखाचरं दिसू लागतात. मध्येच एखादं तळं, लांबवर मातीचा बांध आणि बांधापलीकडे तिवरं. हा रायगडचा खारेपाट. इथली जमीन खाडीकडून मिळवलेली आहे आणि ती टिकवायला दरवर्षी मेहनत लागते.

या जमिनीबद्दल आपण सहसा एवढंच म्हणतो, की ती खारी आहे, पावसाने मीठ धुतलं गेलं की पीक येतं. हे खरं आहे, पण अर्धंच. पुष्कळदा मीठ धुतल्यावरच माती जास्त हट्टी होते. पाणी आत घेत नाही आणि बाहेरही सोडत नाही. असं का होतं, हा आजचा विषय. हे कळलं तर फुटलेल्या बांधाच्या बाबतीत उशीर का परवडत नाही, हेही कळेल.

ही जमीन आली कुठून?

अंबा, पाताळगंगा, कुंडलिका या नद्या सह्याद्रीवरून खाली येतात. सह्याद्री बेसाल्टचा. बेसाल्ट कुजून जी चिकण माती होते, तिचा मोठा भाग स्मेक्टाइट या खनिजाचा असतो. देशावरच्या काळ्या जमिनीतही हेच खनिज आहे. नदीच्या गोड्या पाण्यात मातीचे हे कण तरंगत राहतात. पावसाळ्यात नदी गढूळ दिसते ती त्यांच्यामुळे. पण खाडीशी येऊन खाऱ्या पाण्यात मिसळले, की हेच कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि ते तळाशी बसतात. हजारो वर्षं हा गाळ साचत गेला आणि त्याचं सपाट मैदान झालं. पुढे माणसांनी त्याला बांध घातला, पाणी बाहेर सोडायला उघाड्या बसवल्या आणि आत भात लावला.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवू या. ही चिकण माती खाली बसली ती मिठामुळे. मीठ आहे तोवर कण एकत्र राहतात. पुढची सगळी गोष्ट यावरच उभी आहे.

चिकण म्हणजे नेमकं काय?

दोन मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागापेक्षा लहान कणांना आपण चिकण म्हणतो. कण इतके बारीक असले की पृष्ठभाग अफाट वाढतो. शुद्ध स्मेक्टाइटच्या फक्त एका ग्रॅममध्ये सहाशे ते आठशे चौरस मीटर पृष्ठभाग असतो. गुंठ्याच्या हिशेबात बघा, चिमूटभर मातीत सहा ते आठ गुंठे! या सगळ्या पृष्ठभागावर पाणी धरून ठेवलं जातं. म्हणून ही माती ओली असताना फुगते आणि पायाला चिकटते, वाळली की आकसते आणि तिला भेगा पडतात.

वाळूतही पोकळी असते आणि चिकणीतही असते. उलट चिकणीत एकूण पोकळी जास्तच असते. फरक आकाराचा आहे. वाळूतल्या पोकळ्या मोठ्या, म्हणून पाणी खाली ओघळतं. चिकणीतल्या इतक्या बारीक, की पाणी जागच्या जागी अडकतं. वाळूत तासाला कित्येक सेंटिमीटर पाणी मुरतं. फुगलेल्या, चिखल झालेल्या चिकणीत तासाला एक मिलिमीटरही मुरत नाही. रायगडच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटर आणि त्याहून जास्त पाऊस पडतो. एवढं पाणी या जमिनीत मुरून जाईल ही आशाच सोडा. ते वरूनच वाहून जायला हवं.

पण ते जाणार कुठे? जमीन सपाट आणि उधाणाच्या भरतीची पातळी शेतापेक्षा वर. भरती साधारण साडेबारा तासांनी येते. उघाडी उघडायची ती ओहोटीला, बाहेरचं पाणी आतल्या पाण्यापेक्षा खाली गेलं की. भरती चढायच्या आत ती पुन्हा बंद व्हायला हवी. म्हणजे निचऱ्याला दिवसाचे मोजकेच तास मिळतात. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, तर शेत भरून राहतं. इथला निचरा जितका मातीवर अवलंबून आहे तितकाच चंद्रावरही आहे, असं म्हटलं तरी चालेल.

मातीत हवा नाही, म्हणजे काय होतं?

माती पाण्याने भरली की प्राणवायू संपतो. हवेपेक्षा पाण्यातून तो सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. जिवाणू आधी शिल्लक प्राणवायू वापरतात. तो संपला की मातीतल्या इतर संयुगांवर, त्यातही लोहावर, आपलं काम चालवतात. लोहाचं रूप बदलतं, गंजाचा तांबूस रंग जातो आणि निळसर करडा येतो. खारेपाटात हातभर खणून पाहा. वर करड्या मातीत तांबूस ठिपके दिसतील, कारण तिथे वर्षातून काही महिने हवा पोचते. त्याखाली नुसता करडा थर लागेल. तिथे हवा जवळजवळ पोचतच नाही. कधी सडक्या अंड्यांसारखा वास येतो. समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटचा हायड्रोजन सल्फाइड झाला की तो वास येतो.

मग भात कसा जगतो? भाताच्या देठात आणि मुळांत हवेच्या नळ्या असतात. पानांतून प्राणवायू मुळांपर्यंत उतरतो. म्हणून उपटलेल्या रोपाच्या मुळांवर गंजाचा पातळ थर दिसतो. इतर पिकांना ही सोय नाही. पाणी तुंबणं भाताला चालतं. त्याला त्रास होतो तो मिठाचा.

आता मिठाकडे

मातीतलं मीठ आपण तिच्यातून वीज किती सहज जाते यावरून मोजतो. एकक डेसिसायमन प्रति मीटर. चारच्या वर गेली की जमीन खारी म्हणायची. भाताचं उत्पन्न साधारण तीनपासूनच घटू लागतं. समुद्राचं पाणी पन्नासच्या आसपास असतं. भाताला सगळ्यात नाजूक वेळ दोन: रोप लहान असताना आणि फुलोऱ्यात. म्हणून जुने शेतकरी पहिल्या पावसावर घाई करत नसत. मे महिन्यात भेगाळलेल्या जमिनीत पहिलं पाणी भेगांतून खाली जातं आणि वरचं मीठ सोबत नेतं. मग भेगा मिटतात. त्यानंतर खाचरात पाणी उभं करायचं, चिखलातलं मीठ त्यात उतरू द्यायचं आणि ओहोटीला ते उघाडीतून सोडायचं. असं दोन-तीनदा झालं की मग मोड आलेलं बी, म्हणजे रहू, फेकायचं किंवा लावणी करायची. काळा राता, भुरा राता या इथल्या जुन्या खार सोसणाऱ्या जाती. पुढे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, २ आणि ३ या जाती दिल्या.

पाऊस संपला की चाक उलटं फिरतं. भूजल जेमतेम मीटर-दीड मीटरवर. ऊन पडलं की दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं खारं पाणी बारीक पोकळ्यांतून वर येतं. पाणी उडून जातं, मीठ वर राहतं. मार्च-एप्रिलमध्ये दिसणारा पांढरा पापुद्रा तो हाच. कापणीनंतर शेतात पेंढा पसरला तर हे थोडं रोखलं जातं.

दोन ग्लासांचा प्रयोग

सुरुवातीपासून टेबलावर दोन ग्लास आहेत. एकाच खारजमिनीतलं वाळलेलं ढेकूळ मोडून त्याचे दोन तुकडे आम्ही त्यांत सोडले होते. डावीकडच्या ग्लासात खाडीचं गाळून घेतलेलं पाणी आहे, उजवीकडच्यात पावसाचं. आता बघा. डावीकडे ढेकूळ फुटलं, पण वरचं पाणी स्वच्छ आहे. उजवीकडे ढेकळाभोवती दुधासारखा ढग पसरलाय. उद्या सकाळपर्यंतही तो खाली बसणार नाही.

चिकणीचा प्रत्येक कण पत्त्यासारखा चपटा आणि ऋण भाराचा. सारख्या भाराचे पत्ते एकमेकांना ढकलतात. मध्ये कॅल्शियम असेल तर त्याचा दुहेरी धन भार पत्त्यांना जवळ धरतो. सोडियमचा भार एकेरी, शिवाय भोवती पाण्याचं मोठं वेष्टन. त्याची पकड सैल. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सोडियम जवळजवळ अकरा ग्रॅम आणि कॅल्शियम अर्धा ग्रॅमही नाही. साहजिकच खाजणातल्या मातीच्या कणांवर सोडियमची गर्दी असते. पाणी खारट आहे तोवर आजूबाजूच्या मिठामुळे पत्ते एकत्र राहतात. पावसाने ते मोकळं मीठ धुऊन नेलं, पण कणांना चिकटलेला सोडियम तिथेच राहिला. आता पत्ते सुटतात, कण विखुरतात, आहेत त्या पोकळ्यांत जाऊन बसतात आणि वाट बंद होते. शेतावर याचा अर्थ असा: वर चिखलाचा लगदा, वाळल्यावर सिमेंटसारखी खपली आणि खालचं मीठ खालीच अडकलेलं.

म्हणून यावर जिप्सम सुचवतात. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम पाण्यासोबत निघतो. नेदरलँड्समध्ये १९५३ च्या पुरात समुद्र शेतांत शिरला, तेव्हा तिथेही जिप्सम वापरलं गेलं. पण त्याआधी तिथे बांध बुजवले गेले आणि पाणी बाहेर काढलं गेलं. सुटलेला सोडियम बाहेर जाणारच नसेल, तर जिप्सम टाकून काही साधत नाही.

एका भरतीची किंमत

आता एक साधा हिशेब करू. समजा मे महिन्यात बांधाला खांड पडली आणि उधाणाचं पाणी शेतात आलं. बरंचसं पाणी परत गेलं, पण पाच सेंटिमीटर मातीत मुरलं. लिटरला तीस ग्रॅम मीठ धरलं, तर एका गुंठ्यात दीडशे किलो मीठ राहिलं. पन्नास किलोच्या तीन गोण्या! एकराला एकशेवीस गोण्या. आणि हे फक्त एका भरतीचं. खांड उघडी राहिली तर दर उधाणाला भर पडते, कणांवर सोडियम वाढत जातो. एका चांगल्या पावसाळ्यात वरचं मोकळं मीठ बरंच निघू शकतं. मातीची घडी परत बसायला मात्र कित्येक पावसाळे लागतात.

आणि खांड सुरू कशी होते? कधी लाटांनी, कधी चिंबोरीच्या बिळातून. बीळ पेटीभर मातीने बुजवता येतं. वेळेवर बुजवलं नाही तर त्याचीच खांड होते. पूर्वी गावं एकत्र येऊन बांध राखत. १९४८ चा मुंबई खार जमीन कायदा आणि पुढे १९७९ चा महाराष्ट्राचा खार जमीन विकास कायदा आला, तशी ही जबाबदारी बऱ्याच अंशी सरकारी योजनांकडे गेली. बांध मोठे झाले, पण बिळावर रोज नजर ठेवणारा माणूस मात्र पुष्कळ ठिकाणी उरला नाही.

प्रश्नोत्तरांतून

शेवटी एक प्रश्न आला, तो इथे देतो: "खांड पडून पाच-सहा वर्षं झाली. शेतात आता तिवरं उगवलीत. काय करावं?"

या प्रश्नाला सोपं उत्तर नाही. तिवरांची तोड मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने राज्यभर बंद आहे, जमीन कोणाच्याही मालकीची असो. तिवरं मुळात शत्रू नाहीत. बांधाच्या बाहेरच्या अंगाला ती लाटांचा जोर मोडतात, बांध वाचवतात. ती आत आली, याचा अर्थ भरती आत आली आणि कोणी तिला थांबवलं नाही. आता तुम्ही जिप्समच्या गोण्या आणण्यात पैसे घालू नका. सातबारा, जुने नकाशे, शेवटच्या पिकाची नोंद आणि खांड पडल्याची तारीख असा कागद गावाने मिळून तयार करा आणि खारभूमी कार्यालयात नोंदवा. ज्यांच्या शेतात अजून तिवरं आली नाहीत, त्यांनी मात्र खांड पहिल्या उन्हाळ्यातच बुजवावी. त्यांचं काम अजून कुदळीने होण्यासारखं आहे.

पुढच्या वेळी याच खारेपाटातल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांकडे आणि त्यांतल्या जिताड्याकडे वळू. येताना आपल्या शेतातलं एक वाळलेलं ढेकूळ आणा. ग्लास आणि पावसाचं पाणी आम्ही ठेवतो.