अर्धवाहकांचा पृष्ठभाग आणि अधिशोषित अणू

सिलिकॉनच्या स्फटिकात आतील प्रत्येक अणू शेजारच्या चार अणूंशी बांधलेला असतो. पृष्ठभागावर मात्र ही रचना खंडित होते व तेथील अणूंचे काही बंध मोकळे राहतात. त्यामुळे निषिद्ध ऊर्जा-अंतरात नव्या ऊर्जापातळ्या निर्माण होऊन त्यांत इलेक्ट्रॉन अडकतात. १९४५ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विल्यम शॉकली यांचा विद्युतक्षेत्राने प्रवाह नियंत्रित करण्याचा प्रयत्न फसला. त्यामागे या पृष्ठीय पातळ्या असल्याचे स्पष्टीकरण जॉन बार्डीन यांनी दिले. याच संशोधनातून डिसेंबर १९४७ मध्ये बार्डीन व वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर साकारला.

बाहेरील अणू पृष्ठभागाला चिकटून राहणे म्हणजे अधिशोषण. शोषणात पदार्थ आत शिरतो, अधिशोषणात तो पृष्ठभागावरच राहतो. याचे परिणाम प्रामुख्याने तीन प्रकारचे आहेत.

पहिला, मोकळे बंध पूर्ण होणे. हायड्रोजनचे अणू सिलिकॉनच्या मोकळ्या बंधांशी जुळले, की अडथळा ठरणाऱ्या ऊर्जापातळ्या नाहीशा होतात.

दुसरा, विद्युतभाराची देवाणघेवाण. टिन ऑक्साइडवर अधिशोषित झालेला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन ओढून घेतो. पृष्ठभागालगत वाहक इलेक्ट्रॉन कमी होतात व रोध वाढतो. कार्बन मोनॉक्साइड किंवा स्वयंपाकाचा गॅस तेथे आल्यास तो या ऑक्सिजनशी अभिक्रिया करतो, इलेक्ट्रॉन परत मिळतात आणि रोध घटतो. गॅसगळतीची सूचना देणारी अनेक उपकरणे याच तत्त्वावर चालतात.

तिसरा, कार्यफलातील बदल. सिझियमचे अणू आपला इलेक्ट्रॉन अंशतः पृष्ठभागाला देतात. त्यामुळे इलेक्ट्रॉन बाहेर पडण्यास लागणारी ऊर्जा कमी होते. रात्री पाहण्याच्या दुर्बिणींत गॅलियम आर्सेनाइडवर सिझियम व ऑक्सिजनचा असाच थर वापरला जातो.

पृष्ठभागाच्या एक चौरस सेंटिमीटरवर सिलिकॉनचे सुमारे सात लाख अब्ज अणू असतात. त्यांपैकी हजारात एखाद्या ठिकाणी जरी भार साचला, तरी लगतच्या भागातील वाहकता लक्षणीय बदलू शकते. चिप-निर्मितीत अतिशुद्ध पाणी व धूलिमुक्त कक्ष अनिवार्य ठरतात, त्याचे एक कारण हेच होय.

सेमीकंडक्टर व डिस्प्ले निर्मितीसाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. या उद्योगाचे यश भांडवलाइतकेच पृष्ठभागावरील अणूंच्या एका थरावरील नियंत्रणावरही अवलंबून आहे, हे अभ्यासकांनी ध्यानात ठेवावे.