सोनटक्का आणि त्याचा रात्रीचा पाहुणा

परसांत न्हाणीचें पाणी जेथें मुरतें, किंवा विहिरीच्या थारोळ्याशेजारीं जेथें जमीन सदा ओलसर राहते, तेथें गुलाब-शेवंतीचीं मुळें कुजतात आणि मालक ती जागा टाकाऊ समजून सोडून देतो. वस्तुतः तीच सोनटक्क्याची हक्काची जागा होय.

सोनटक्का हा आलें-हळदीच्या कुळांतील असून मूळचा पूर्व हिमालयाकडील ओल्या दऱ्याखोऱ्यांतला. मृगाच्या सरी पडल्या म्हणजे जुन्या बेटांतून एक-दोन डोळे असलेले गड्डे काढावे आणि शेणखत घातलेल्या मातींत २-३ बोटें खोल, दीड-दोन फुटांच्या अंतरानें लावावे. सकाळचें ऊन व दुपारची सावली त्यास मानवते. श्रावणापासून दसऱ्यापलीकडेपर्यंत फुलें येत राहतात. एकदां फुलून गेलेला दांडा पुन्हां फुलत नाहीं. तो बुडाशीं कापावा. ३-४ वर्षांनीं बेट दाट झालें म्हणजे विरळ करावें.

या फुलाची रचना मोठी चमत्कारिक आहे. जी रुंद, शुभ्र पाकळी नजरेंत भरते ती खरी पाकळी नसून रूपांतर पावलेला पुंकेसर होय. खऱ्या पाकळ्या अरुंद फितींसारख्या असतात. फुलाखालीं सुमारें ३ इंच लांबीची बारीक नळी असून मध तिच्या तळाशीं असतो. मधमाशीची जीभ तेथवर पोंचत नाहीं. दुपार कलल्यावर फूल उमलतें आणि तिन्हीसांजेस त्याचा सुगंध दरवळूं लागतो. तें निमंत्रण असतें लांब सोंडेच्या मोठ्या पतंगांना. ते फुलावर न बसतां अधांतरीं फडफडत मध ओढतात आणि तेवढ्यांत त्यांच्या अंगास पराग चिकटतो.

येथेंच मालकाची कसोटी लागते. हे पतंग बाल्यावस्थेंत शेपटीवर शिंगासारखा कांटा असलेले सुरवंट असतात. कोणी अळवावर, कोणी रताळ्याच्या वेलावर, तर कोणी तगरीवर वाढतो. पानें कुरतडलेलीं पाहून विषारी औषध फवारणारा गृहस्थ आपल्याच हातानें पाहुण्याला दारांत मारतो. पपईच्या फुलांसही अशाच पतंगांची भेट घडते, आणि मादी पपईला परागावांचून फळ नीट धरत नाहीं. म्हणजे ही हानि केवळ शोभेची नव्हे. सुरवंट फारच झाले तर ते वेंचून दूरच्या पानांवर सोडावे.

मात्र काढून टाकलेले गड्डे ओढ्यांत फेंकूं नयेत. हवाई बेटें व ब्राझील येथें बागेंतून निसटलेल्या सोनटक्क्यानें पाण्याकांठच्या मूळच्या वनस्पतींना हुसकून लावलें आहे.

ज्या श्रोत्यांच्या परसांत सोनटक्का असेल, त्यांनीं एखाद्या सायंकाळीं दिवा मंद करून त्या बेटाकडे पाहावें. अळवाच्या पानांचीं चार भोकें कशासाठीं सोसलीं, याचें उत्तर तेथें फडफडतांना दिसेल.