एमजीबीचे पुढचे सस्पेन्शन बुश: रबर स्वस्त, काम महाग, आणि शेवटचा नट कधी आवळायचा?

या आठवड्याच्या व्हिडिओत एमजीबीचं पुढचं सस्पेन्शन खोलून दाखवलं आहे. व्हिडिओत हात दिसतात, पण कामामागचा हिशोब दिसत नाही. म्हणून हा लेख. तुमचं गॅरेज असेल किंवा स्पेअर पार्टचं दुकान असेल, तर असं काम दारात आल्यावर घ्यायचं की नाही आणि घेतलं तर कसं, हे इथे नीट बघू.

आधी गाडीची ओळख. एमजीबी ही इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेली स्पोर्ट्स कार. पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, त्यामुळे तिचे सुटे भाग आजही इंग्लंडमधून नवे मिळतात. आपल्याकडे या गाड्या मोजक्याच. पण जुन्या मिस्त्रींना हिचं बॉनेट उघडलं की ओळखीचं काहीतरी दिसतं, कारण हिचं १८०० सीसी इंजिन आणि जुन्या अ‍ॅम्बॅसॅडरचं १५०० सीसी पेट्रोल इंजिन एकाच घराण्यातली, बीएमसीच्या बी-सिरीजमधली.

इथेच गल्लत होते. इंजिन ओळखीचं म्हणून सस्पेन्शनही तसंच असेल असं धरून चालू नका. जुन्या अ‍ॅम्बॅसॅडरला पुढे टॉर्शन बार असतो. एमजीबीला पुढे कॉइल स्प्रिंग आहे आणि ती क्रॉसमेंबर आणि खालच्या स्प्रिंग पॅनमध्ये दाबून बसवलेली असते. लोअर आर्म सोडवायचा म्हणजे ती स्प्रिंग मोकळी करावीच लागते. ती चुकीच्या पद्धतीने सुटली तर हात मोडतो, डोक्याला लागलं तर त्याहून वाईट. बुश बदलायचं काम ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्यात हे आहे. पोराला सांगून आपण चहाला जायचं, असलं हे काम नाही.

बुश गेलाय हे कसं ओळखायचं? ब्रेक मारल्यावर पुढून ‘टक्’ असा आवाज येतो. सरळ रस्त्यावर गाडी थोडी भरकटते, स्टिअरिंग सतत सावरावं लागतं. टायर एका कडेने घासतात. पण नुसत्या आवाजावर एस्टिमेट देऊ नका, कारण झिजलेला किंगपिन किंवा ढिला डॅम्परही असाच वाजतो. गाडी पिटवर घ्या आणि लोअर आर्मच्या आतल्या टोकाला टॉर्च मारा. चांगल्या बुशमध्ये पिव्होट गोलाच्या मधोमध दिसतो. गेलेल्यात तो एका बाजूला सरकलेला असतो आणि रबर अळंबीसारखं बाहेर फुगलेलं असतं. टॉमी घालून हलकं उचकून पाहा, खेळ लगेच कळतो. रबर चिकट, मऊ झालं असेल तर वर बघा, कुठून तरी तेल ठिबकत असणार. ते थांबवल्याशिवाय नवं रबर घालण्यात अर्थ नाही.

आता पैशाकडे येऊ. समजा, कुरिअर आणि कस्टम ड्यूटी धरून बुशचा सेट तुम्हाला ४,००० रुपयांना पडला आणि तुमच्या गॅरेजचा रोजचा खर्च, पगार-भाडं सगळं मिळून, ५,००० रुपये आहे. पहिल्यांदा करताना दोन्ही बाजूंना दोन दिवस धरा. म्हणजे १०,००० रुपये गाडी उभी राहण्यातच गेले. गिऱ्हाईक मात्र हातात रबर घेऊन विचारणार, “एवढ्याशा रबराचे इतके पैसे?” त्याला काम सुरू करण्याआधीच समजावून सांगायचं, बिल देताना नाही.

त्यात एक छुपा खर्च आहे. लोअर आर्मच्या बाहेरच्या टोकाला किंगपिन ज्या बोल्टवर फिरतो, तो एका लोखंडी नळीतून जातो. वर्षानुवर्षं ग्रीस मारलेलं नसेल तर बोल्ट आणि नळी गंजून एकजीव होतात. मग तेल, उष्णता, हातोडा सगळं करूनही हलत नाही आणि शेवटी कापावा लागतो. म्हणून माझं एस्टिमेट नेहमी दोन टप्प्यांत असतं. पहिल्यात तपासणी आणि बुशचं काम. दुसऱ्यात ‘बोल्ट अडकला तर’ म्हणून वेगळी रक्कम, आणि तिलाही सुरुवातीलाच लेखी होकार. व्हॉट्सअ‍ॅपवर घेतला तरी चालतो. शिवाय त्या बोल्टचा आणि नळीचा सेट बुशबरोबरच मागवून ठेवा. एका बोल्टसाठी पुन्हा परदेशातून पार्सल मागवलं तर त्याचं भाडं तुमच्या नफ्यातूनच जाणार, आणि गाडी दोन-तीन आठवडे जागा अडवून बसणार ती वेगळीच.

बुश कोणते मागवायचे? मूळ गाडीला प्रत्येक डोळ्यात दोन अर्धे रबरी बुश येतात, दोन्ही बाजूंनी ढकलून बसवायचे. स्वस्त आहेत, पण लवकर दबतात. याच गाडीचं १९७३ ते १९७६ मधलं एमजीबी जीटी व्ही-८ मॉडेल होतं. त्याचे बुश अखंड असून मधोमध लोखंडी नळी असते. ते साध्या एमजीबीलाही बसतात आणि जास्त टिकतात. मी तेच सुचवतो. पॉलियुरेथेनची सध्या फॅशन आहे. रेसट्रॅकवर ठीक, पण आपल्या खड्ड्यांवर आणि स्पीडब्रेकरवर ते दणके थेट आत पोचवतात आणि ग्रीस सुकलं की कुरकुरतात. पन्नास वर्षांच्या गाडीला तो जाच कशाला?

खोलण्याआधी एक मिनिटाचं काम: गाडी चाकांवर सपाट उभी असताना, चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजून लिहून ठेवा. नेटवरचा आकडा घेऊ नका. १९७४ च्या अखेरीपासून काळ्या रबरी बंपरच्या गाड्या उंच केल्या होत्या, शिवाय जुनी स्प्रिंग बसलेली असते. याचा उपयोग शेवटी होईल.

आता स्प्रिंग. गाडी चॅसीखाली भक्कम स्टँडवर घ्या, चाक काढा, अँटी-रोल बारची लिंक असेल तर सोडवा. मजबूत ट्रॉली जॅक स्प्रिंग पॅनखाली लावून स्प्रिंग दाबा. वरचा आर्म म्हणजे खरं तर डॅम्परचाच हात असतो. तिथला बोल्ट काढून हब बाहेर झुकवा आणि तारेने बांधा, म्हणजे ब्रेकच्या होजवर ताण येणार नाही. मग जॅक सावकाश, अगदी सावकाश खाली. जॅकसमोर कुणी बसायचं नाही. हे तंत्र इंजिनाच्या वजनावर चालतं. रिस्टोरेशनसाठी इंजिन उतरवलेलं असेल तर स्प्रिंग दबण्याऐवजी गाडीच स्टँडवरून उचलली जाते. तेव्हा स्प्रिंग पॅनचे समोरासमोरचे दोन बोल्ट काढून तिथे लांब थ्रेडेड रॉड घालायचे आणि त्यांचे नट थोडे थोडे सोडत पॅन खाली आणायचा. हो, आणि पाने इंची घ्या. मिलिमीटरच्या पान्याने नटाचे कोपरे गोल करून ठेवलेल्या गाड्या बऱ्याच बघितल्यात.

पुढचं सरळ आहे. स्प्रिंग काढली, पॅनचे बोल्ट सोडले, बाहेरचा बोल्ट काढला, पिव्होटच्या टोकाचा स्प्लिट पिनवाला नट काढला की आर्म निघतो. डोळा आतून वायर ब्रशने चकचकीत करा. पिव्होटवर खाच पडली असेल तर तोही बदला. नव्या बुशला साबणाचं पाणी लावून व्हाइसमध्ये दाबा, दोन्ही बाजूंना सारखा बाहेर दिसला पाहिजे. तेल-ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं.

आणि आता तो शेवटचा नट. रबरी बुश घसरत नाही, पिळला जातो. नट आवळला की रबर आतून पिव्होटला आणि बाहेरून आर्मला घट्ट धरून ठेवतं; आर्म वरखाली होतो तो त्या रबराच्या पिळावर. चाक हवेत लोंबत असताना नट आवळला तर रबराची आरामाची जागा तिथेच ठरते. गाडी खाली उतरवली की ते पिळलेलं, आणि रात्रंदिवस उभ्या जागीही पिळलेलंच. असं रबर बघता बघता फाटतं आणि गिऱ्हाईक त्याच आवाजासकट परत येतं. नवा बुश लवकर गेला की सगळे पार्टला नावं ठेवतात. दोष बहुतेक वेळा या नटात असतो.

म्हणून हे नट आधी फक्त हाताने लावा. सगळं जोडा, गाडी चाकांवर उतरवा, थोडी पुढे-मागे ढकला, पुढून दोन-चारदा दाबून सोडा. मग पिटमध्ये उतरून नट पूर्ण आवळा आणि नवी स्प्लिट पिन घाला. पिट नसेल तर स्प्रिंग पॅनखाली जॅक लावून, सुरुवातीला लिहून ठेवलेलं अंतर जुळेपर्यंत आर्म उचला आणि त्या स्थितीत आवळा.

नंतर अलाइनमेंट. या गाडीत पुढे फक्त टो जुळवता येतो, कॅम्बर आणि कॅस्टरला अ‍ॅडजस्टमेंट नाही. त्यामुळे अलाइनमेंटवाल्याने त्यांचे पैसे मागितले तर देऊ नका. बाहेरच्या टोकाच्या निपलला ग्रीस मारून द्या, आणि पुढचं ग्रीसिंग कधी करायचं ते बिलावरच लिहा. गिऱ्हाईक त्या निमित्ताने परत येतं, आणि पुढच्या वेळी तो बोल्ट कापावा लागत नाही.