हिरवी शिट्टी

न्यूझीलंडमध्ये ट्रेकला गेलात, घसरून मनगट मोडलं आणि १११ ला फोन केलात, तर रुग्णवाहिकेतले लोक तुमच्या हातात एक हिरवी शिट्टी देऊ शकतात. ही वाजवायची नाही, तिच्यातून श्वास घ्यायचा. आत ३ मिलिलीटर मेथॉक्सीफ्लुरेन असतं. सहा ते दहा श्वासांत वेदना बोथट होऊ लागते, पण तुम्ही शुद्धीवर राहता.

१९६० च्या दशकात हेच औषध शस्त्रक्रियेत भूल द्यायला वापरत. शरीरात त्याचं विघटन होऊन फ्लोराइड सुटतं. तासन्‌तास दिलेल्या मोठ्या मात्रेने काही रुग्णांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि भुलीसाठीचा वापर थांबला. वेदना कमी करायला फार थोडं औषध पुरतं, म्हणून मर्यादा दिवसाला ६ मिलिलीटर. शिट्टी रुग्णानेच धरायची, कारण गुंगी वाढली की हात आपोआप खाली येतो.

किडनीचा आजार असेल, किंवा घरात कुणाला भुलीनंतर अचानक जीवघेणा ताप चढला असेल, तर ती तोंडाला लावण्याआधीच सांगा. भारतातून आई-बाबा येणार असतील, तर त्यांची ही माहिती इंग्रजीत लिहून त्यांच्या पाकिटात ठेवा.