मुंडकं राहू द्या

सोलापूर जिल्ह्यातल्या मंद्रूपच्या वेशीतून नाकासमोर पश्चिमेला निघालं आणि वाटेत कुठेही वळलं नाही, तर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास गेल्यावर गुहागरजवळ समुद्र लागतो. दोन्ही गावं जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, साडेसतराच्या. त्यामुळे मंद्रूपच्या आठवडा बाजारातले सुके बोंबील गुहागर-रत्नागिरीकडूनच घाट चढून येत असतील असं नकाशा बघणाऱ्याला वाटेल. पण सुकी मासळी विकणाऱ्या मावशींना विचारलं, तर त्या दोनच उत्तरं देतात, "मुंबईचा" किंवा "गुजरातचा." मुंबईचा म्हणजे वसई, अर्नाळा, सातपाटी असा उत्तरेकडचा सगळा किनारा त्यात आला. गुजरातचा म्हणजे जाफराबादकडचा. रत्नागिरीचं नाव त्यांच्या तोंडी येत नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. बोंबलाची भरघोस वस्ती उत्तरेकडून येते ती रत्नागिरीच्या आसपास विरळ होत जाते. पुढे गोवा, कारवार, केरळ ह्या सगळ्या किनाऱ्यावर बोंबील नावापुरता.

मावशींची बसायची जागा ठरलेली. समोर पोत्यांची तोंडं गुंडाळून ठेवलेली. एका पोत्यात सुकट, एकात बोंबील, एकात मांदेली, बाजूला खाऱ्या माशांची पाटी. गिऱ्हाईक नसलं की त्यांचा हात बोंबलाच्या पोत्यात असतो. काम निवडण्याचं. एक काडी उचलायची, मधोमध वाकवायची. कडकन मोडायच्या बेतात आली की नीट वाळलेली, नुसतीच वाकली की ओल धरलेली. मग उन्हाकडे धरून रंग बघायचा. नवा माल फिक्कट, जुना तांबूस होत गेलेला. शेवटी काडी पोत्याच्या कडेवर दोनदा आपटायची. बारीक भुकटी झडली तर आत किडा लागलेला, आणि ती काडी वेगळ्या ढिगात. अख्खे-लांब, मध्यम आणि तुकडे असे तीन ढीग होतात. तुकडे स्वस्त. चटणीला घेणारी बाई तुकडेच मागते, तव्यावर भाजून, लसूण-मिरचीबरोबर कुटून भाकरीला लावायला अख्खा बोंबील कशाला हवा?

त्या ढिगात काही काड्या अजून जोडीनं अडकलेल्या असतात. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालतात ते वलांडीवर, म्हणजे बांबू उभे करून त्यांच्यामध्ये ताणलेल्या दोऱ्यांवर. दोन मासे घ्यायचे, एकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडात अडकवायचं आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. गाठ नाही, खिळा नाही. ताज्या बोंबलात वजनाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, हातात धरला तर लिबलिबीत. असा मासा वाऱ्यावर दोन-चार दिवस नुसत्या दातांच्या जोरावर लटकून राहतो.

मी अख्ख्या ढिगातले पाव किलो घेतले. मावशींनी सवयीनं विचारलं, "मुंडकी मोडून देऊ का वो?" इथली रीत तीच. डोकं मोडायचं, शेपटाचं टोक खुडायचं, मधला भाग ठेवायचा. मी म्हटलं, "मुंडकं राहू द्या, मावशी. शेपूटबी." त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुडी बांधली.

मुंडकं आणि शेपूट हवं होतं, कारण बोंबलाची ओळख पटवायची बरीचशी निशाणी ह्या दोन टोकांत आहे. घरी ताटलीत कोमट पाणी घेऊन एक बोंबील भिजत घातला, दुसरा कोरडाच भिंगाखाली धरला. कोरडा जास्त बोलका निघाला. वाळताना हिरड्यांचं मांस आकसतं आणि दात उघडे पडतात. बारीक, सुईसारखे, लहानमोठे, सगळ्यांची टोकं घशाकडे वळलेली. खालच्या जबड्यातले मोठे. जिवंत माशात ह्यातले बरेच दात आतल्या बाजूला लवतात, म्हणजे भक्ष्य आत जाताना वाट देतात, बाहेर येताना अडवतात. डोळा अगदी लहान आणि थुतरीच्या टोकाजवळ, त्यामुळे तोंडाची फट डोळ्याच्या मागे बरीच लांब जाते.

भिजलेला मासा हळूहळू उलगडला. छातीजवळचा पंख सुईनं सोडवून मागे नेला तर तो पोटाखालच्या पंखाच्या मुळापर्यंत पोचला. ही लांबी महत्त्वाची आहे. पुढच्या अर्ध्या अंगावर खवले नाहीत, मागच्या अर्ध्यावर पातळ, बोट लावताच सुटणारे. अंगाच्या बाजूनं मधोमध खवल्यांची एक ओळ जाते ती शेपटीशी थांबत नाही, थेट शेपटीच्या पंखात शिरते आणि तिथे वरच्या-खालच्या पाकळ्यांमध्ये तिसरी छोटी, टोकदार पाकळी तयार होते. मावशींच्या गिऱ्हाइकांनी खुडून टाकलेली शेपटं बघा, न तुटलेल्या प्रत्येकात ही तिसरी पाकळी सापडेल. पाठीवरच्या पंखामागे आणखी एक मऊ, काटा नसलेला चरबीचा पंख असतो. सुक्या माशात त्याचा नुसता दोरा उरतो.

ह्या चरबीच्या पंखानंच पहिल्यांदा घोळ घातला. फ्रान्सिस हॅमिल्टन ह्या कंपनी सरकारच्या डॉक्टरनं गंगेच्या माशांवरचं त्याचं पुस्तक 1822 साली एडिंबरोहून छापलं, त्यात बोंबलाचं पहिलं शास्त्रीय वर्णन आहे. बंगालच्या खाडीमुखांत हा मासा भरपूर, तिकडे त्याला लोट्या म्हणतात. हॅमिल्टननं त्याला ऑस्मेरस ह्या प्रजातीत घातलं. ऑस्मेरस म्हणजे थंड पाण्यातले, सॅमनच्या बाजूचे मासे, त्यांनाही असाच चरबीचा पंख असतो. तीनच वर्षांनी, 1825 मध्ये, लेझ्युअर ह्या फ्रेंच निसर्गअभ्यासकानं हार्पाडॉन ही वेगळी प्रजाती मांडली. हॅमिल्टननं दिलेलं मागचं नाव तसंच राहिलं आणि आपला बोंबील झाला हार्पाडॉन नेहेरियस. आज ही प्रजाती सिनोडॉन्टिडी ह्या कुळात आहे, जबडेवाल्या, तळाशी दबा धरणाऱ्या माशांच्या.

कुळातला तिचा सख्खा शेजारी कोण, ह्याचं उत्तर पुन्हा मावशींच्या पोत्यातच मिळालं. निवडता निवडता त्यांनी एक काडी बाजूला फेकली. "ह्यो न्हवं. ह्यो चोर बोंबील." जाडसर, गोलसर अंगाचा, सगळ्या अंगावर घट्ट खवले, मांस कडक. कोकणातही त्याला चोर बोंबीलच म्हणतात, शास्त्रात सॉरिडा. वर्गीकरणात हार्पाडॉन आणि सॉरिडा एकाच उपकुळात, अगदी जोडीनं बसवलेले आहेत. म्हणजे कोळ्यांनी ज्याला चोर ठरवला, त्याचं बोंबलाशी असलेलं नातं त्यांनी ओळखलं होतं. बोंबलासारखा दिसल्याशिवाय त्याच्या नावाची चोरी कोण करील? बाजारात मात्र त्याला बोंबलाचा भाव नाही, आणि मावशींच्या हिशेबाला शास्त्रातलं नातं उपयोगाचं नाही.

हार्पाडॉनमध्ये बोंबील एकटा नाही. उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या किनाऱ्यावर त्याच्यासारखाच एक आहे, ट्रान्सल्युसेन्स, 1889 साली सॅव्हिल-केंटनं वर्णन केलेला. जपानच्या बाजूचा मायक्रोकायर हा आखूड छातीपंखाचा. म्हणूनच माझ्या ताटलीत पंख कुठवर पोचतो ते बघणं गरजेचं होतं. स्क्वामोसस हा हिंदी महासागराच्या खोल पाण्यातला, 1891 मध्ये अल्कॉकनं नोंदवला. तो 'इन्व्हेस्टिगेटर' ह्या सर्वेक्षण जहाजावरचा डॉक्टर. तांबड्या समुद्रातला एरिथ्रियस तर 1983 इतका अलीकडचा. ह्यांतले शेवटचे तिघे खोल पाण्यातले, कुणाच्या वलांडीवर कधी न चढलेले. किनाऱ्याला, चिखलाला, खाडीच्या गढूळ पाण्याला धरून राहणारे दोघेच.

आता पुन्हा त्या रत्नागिरीच्या रेषेकडे. भारतात बोंबील सापडतो तो दोन तुकड्यांत. एक गुजरात-महाराष्ट्राचा, दुसरा आंध्रच्या उत्तर भागापासून ओडिशा-बंगालकडचा, जो पुढे बांगलादेश, ब्रह्मदेशाकडे जातो. मध्ये द्वीपकल्पाचा सगळा टोकाकडचा किनारा जवळजवळ रिकामा. मला ह्या माशाबद्दल सगळ्यात जास्त कुतूहल ह्याच रिकाम्या जागेचं आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं 1970 मध्ये एस. व्ही. बापट ह्यांची बोंबलावरची स्वतंत्र पुस्तिका काढली, म्हणजे शास्त्रज्ञांनी ह्या माशाकडे दुर्लक्ष केलंय असं नाही. दोन्ही तुकड्यांत समान काय आहे ते बघितलं तर अंदाज येतो. खंबायतचं आखात आणि गंगेचं मुख, दोन्हीकडे मोठमोठ्या नद्यांचा गाळ, उथळ चिखलाचा तळ, आणि भरती-ओहोटीचा जबरदस्त ओढा. बोंबील पकडणारं डोल जाळंसुद्धा ह्या ओढ्यावरच चालतं. मोठ्या पिशवीसारखं जाळं समुद्रात रोवून ठेवतात, पाण्याचा प्रवाहच मासे आत लोटतो. दक्षिणेत भरती एवढी चढत नाही, तिथे डोलही जवळपास दिसत नाही. म्हणजे मासा, गाळ आणि जाळं, तिघांची हद्द बऱ्यापैकी एकच.

शेजारच्या ओळीत ताजी मासळी असते, भीमेची आणि उजनीची. त्यात चिलापी हटकून. ती मुळात आफ्रिकेची. भारतात तिची एक जात 1952 मध्ये आणली गेली आणि तिनं मिळेल त्या तळ्यात, नदीत घर केलं. बोंबलाला मात्र द्वीपकल्पाच्या टोकाकडचा आपलाच किनारा मानवत नाही. अंगात एवढं पाणी आणि हाडं एवढी मऊ, तरी जागेच्या बाबतीत इतका हट्टी मासा मला दुसरा आठवत नाही.

मावशींच्या पोत्यांचा क्रम बघताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. सुकट म्हणजे वाळवलेला जवळा, किनाऱ्याजवळ थवे करणारी इवलीशी कोळंबी. बोंबलाचं मुख्य खाणं तेच. तो मांदेलीही खातो, आणि लहान बोंबील समोर आला तर त्यालाही सोडत नाही. म्हणजे पहिलं आणि तिसरं पोतं हे मधल्या पोत्याचं जेवण. हे मावशींना सांगितलं तर त्या हसल्या. "मग ह्येच्या पोटात सुकट हुडकाय पायजे," म्हणाल्या. भिजवलेल्या माशाच्या पोटात मी हुडकलीच. वाळून काळपट झालेल्या गाठीत ओळखू येण्यासारखं काही उरलं नव्हतं, एका जागी तेवढे मिशीसारखे केस चिकटलेले होते. ते जवळ्याचेच, असं छातीठोकपणे सांगणार नाही.

मावशींची स्वतःची वर्गवारी ह्या सगळ्यापेक्षा वेगळी आणि त्यांच्या धंद्याला जास्त उपयोगाची आहे. कुठला, कधीचा, मोडतो की वाकतो. ह्यातलं कधीचा हे तर वर्गीकरणाच्या कुठल्याही पुस्तकात नसतं. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, आणि पावसात वलांडीवर काही वाळत नाही. त्यामुळे मृगाच्या आधी घेतलेला माल नवा हंगाम सुरू होऊन पाऊस ओसरेपर्यंत पुरवायचा असतो. अशा वेळी अख्ख्या ढिगातला बोंबील पोत्यात ठेवत नाहीत. पत्र्याच्या डब्यात, झाकणाखाली कागद घालून ठेवतात, आणि दर बाजारी डबा उघडून एक काडी मोडून बघतात. श्रावणात तसाही खप नसतो. गणपती होऊन गेले की गिऱ्हाईक परत विचारायला लागतं, आणि तेव्हा भाव मावशी सांगतील तो.