शीर सापडेनाशी होते तेव्हा

आमच्या पालघर जिल्ह्यात 'पोर्ट' हा शब्द कानावर पडला की माणसे वाढवणची आठवण काढतात. त्या बंदराविरुद्ध किनाऱ्यावरच्या लोकांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. १९९८ साली डहाणूच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने ते नाकारले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरलाच त्याची पायाभरणीही झाली. त्यामुळे बोईसरच्या विहारात एका रविवारी वंदना आटोपल्यावर एका बांधवाने, "दादा, हिला पोर्ट बसवायला सांगितलंय," असे म्हटले, तेव्हा मागे बसलेले एक वयोवृद्ध उपासक पटकन बोलून गेले, "आता माणसाच्या अंगातपण बंदर काढणार काय हे?"

सगळे हसले. वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्या पदराखाली उजवा हात झाकून बसल्या होत्या.

तो हात आम्ही नंतर पाहिला. मनगटापासून कोपरापर्यंत शिरा काळ्या पडून सुतळीसारख्या कडक झाल्या होत्या. वहिनींना डाव्या स्तनाचा कॅन्सर. परळला शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या गाठीही काढल्या. ज्या बाजूच्या गाठी काढतात त्या हाताला पुढे सुई टोचू नका, रक्तदाबाचा पट्टाही बांधू नका, असे सांगतात, कारण तो हात सुजण्याची भीती असते. म्हणजे उरला एकच हात, आणि त्या एका हातात केमोचे सगळे डोस जायचे. पहिले दोन कसेबसे गेले. तिसऱ्या वेळी सिस्टरने चार ठिकाणी टोचले तरी शीर सापडेना. वहिनींचे पती तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापड कारखान्यात कामाला. ते आम्हाला म्हणाले, "औषधाला ती भीत नाही हो, सुईला भिते. पुढच्या वेळी येणार नाही म्हणते."

ही भीती बायकी हळवेपणाची नव्हे. केमोची काही औषधे, विशेषतः रुग्ण ज्याला 'लाल औषध' म्हणतात ते, शिरेतून जरा जरी बाहेर पाझरले तर आजूबाजूचे मांस जाळते. जखम महिनोन्महिने भरत नाही, कधी कातडीही बसवावी लागते. शीर जितकी थकलेली तितका पाझरण्याचा धोका जास्त. म्हणूनच डॉक्टरांनी पोर्टची गोष्ट काढली होती.

पोर्ट म्हणजे काय, हे आम्हालाही त्या दिवशी ठाऊक नव्हते. आम्ही कारकून माणूस, शिक्षण बी. कॉम. अर्ज लिहून देणे, दाखले काढून देणे एवढाच आमचा लोकांना उपयोग. पण विचारणारे आमच्याकडेच येतात, म्हणून परळच्या फेऱ्यांत डॉक्टर, सिस्टर यांना भंडावून जे समजून घेतले ते येथे देत आहोत.

दहा रुपयांच्या नाण्याएवढी रुंद आणि साधारण सेंटिमीटरभर जाड अशी ही एक छोटी डबी असते, टायटॅनियम धातूची किंवा टणक प्लॅस्टिकची. तिच्या तोंडावर सिलिकॉन रबराचा जाड पडदा. डबीच्या कडेला एक बारीक लवचिक नळी जोडलेली. गळपट्टीच्या हाडाखाली छोटा छेद देऊन डबी कातडीखाली बसवतात, नळी मानेतल्या किंवा हाडाखालच्या मोठ्या शिरेत सोडतात आणि तिचे टोक हृदयाच्या अगदी तोंडाशी नेऊन ठेवतात. तेथे रक्ताचा प्रवाह इतका मोठा, की औषध पडताक्षणी त्यात मिसळून पातळ होते, शिरेला भाजत नाही. बहुधा जागा बधिर करून, तासाभरात हे काम होते. मुलांना मात्र पूर्ण भूल देतात. नंतर छातीचा एक्सरे काढून नळी जागेवर आहे ना ते पाहतात. पुढे औषध द्यायचे तेव्हा हातात शीर शोधायची नाही, छातीवर बोटाने डबी चाचपायची आणि कातडीतून सरळ तिच्या पडद्यात सुई घालायची. रक्तही बऱ्याचदा तेथूनच काढता येते.

यात बॅटरी नाही, वीज नाही, काही फिरत नाही. हे आम्ही तीन वेळा सांगितले, कारण घरात सासूबाईंनी 'सुनेच्या छातीत मशीन बसवणार' म्हणून रडारड सुरू केली होती. एका नातेवाइकाने तर भगताकडे नेण्याचा घाट घातला. भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची तसबीर आणि तिच्याखाली बसून ही चर्चा! आम्हाला राग आला. पण म्हातारीची भीती रागाने जात नाही. शेवटी दवाखान्यातल्या एका सिस्टरने नमुन्याची रिकामी डबी सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "एवढीशीच? मग बसवा."

छातीला नळी लावणे ही कल्पना किती वेडेपणाची वाटत होती, त्याची एक हकिगत आहे. १९२९ साली जर्मनीत बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे गावी व्हेर्नर फोर्समन नावाचा पंचविशीतला डॉक्टर होता. हाताच्या शिरेतून नळी घालून हृदयापर्यंत जाता येईल, असे त्याचे म्हणणे. वरिष्ठांनी बंदी घातली. हत्यारांच्या कपाटाची किल्ली नर्सकडे. ती म्हणाली, प्रयोग माझ्यावर करा. याने तिला टेबलाला बांधले, आणि नळी घातली ती स्वतःच्याच हातात! ६५ सेंटिमीटर नळी आत सरकवून हा पठ्ठ्या चालत एक्सरेच्या खोलीत गेला आणि नळीचे टोक हृदयात पोहोचल्याचे चित्र काढून घेतले. वैद्यकीय जगाने त्याला वेड्यात काढले. १९५६ साली, म्हणजे नागपूरला आपली धम्मदीक्षा झाली त्याच वर्षी, त्याला दोघांसोबत नोबेल पारितोषिक मिळाले. मधल्या काळात हा गृहस्थ हिटलरच्या पक्षाचा सभासद होता, तेही लपवण्याचे कारण नाही. शोध मोठा म्हणून माणूस मोठा असतोच असे नाही.

पुढे अमेरिकेत सिएटल येथे १९७३ मध्ये ब्रोव्हियाक आणि १९७९ मध्ये हिकमन यांनी महिनोन्महिने राहू शकतील अशा नळ्या काढल्या. पण त्यांचे टोक छातीबाहेर लोंबत असे. १९८२ साली मिशिगन विद्यापीठातील नीडरह्यूबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळेच कातडीखाली झाकून टाकणाऱ्या डबीचे अनुभव प्रसिद्ध केले, आणि पोर्टचा प्रसार झाला.

नळी बाहेर असणे आणि आत असणे, यात मोठ्या बंगल्यात राहणाऱ्याला फारसा फरक वाटणार नाही. आमच्या वस्तीत तो फार मोठा आहे. दंडातून घालायची 'पिक लाईन' म्हणून एक नळी मिळते, ती पोर्टपेक्षा स्वस्त, आणि कित्येक रुग्णांचे उपचार तिच्यावर उत्तम पार पडतात. पण तिचे तोंड बाहेर असते. ती भिजवायची नाही, दर आठवड्याला ड्रेसिंग बदलायचे, लहान मूल ओढणार नाही हे पाहायचे. दहा बाय बाराची खोली, सार्वजनिक नळ, पावसाळ्यात गळणारे पत्रे, आणि विरारपासून दादरपर्यंत लोकलमधली चेंगराचेंगरी! पोर्टची जखम भरली की अंघोळ करता येते, भांडी घासता येतात, धुणे धुता येते. वरून दिसतो तो फक्त कातडीखालचा एक उंचवटा. वहिनींना तो उंचवटा लपवायला आधी लाज वाटायची. पुढे महिला मंडळाच्या बायका स्वतःहून हात लावून पाहू लागल्या, तेव्हा ती गेली.

आता सुईची गोष्ट. पोर्टला साधी सुई चालत नाही. साध्या सुईचे टोक रबर कोरून त्याचा तुकडा काढते. असे काही वेळा झाले की पडदा गळू लागतो. त्यासाठी टोकाशी वळलेली 'ह्यूबर' सुई लागते. ती रबर कापत नाही, बाजूला सारते, आणि ती काढली की भोक आपोआप मिटते. असा पडदा हजार वेळा टोचला तरी टिकतो. ही सुई पालघर-बोईसरच्या प्रत्येक औषध दुकानात मिळत नाही. एकदा वहिनींना घरी ताप भरला, तेव्हा जवळच्या एका छोट्या इस्पितळात नेले. तेथील मुलीने 'आयतेच पोर्ट आहे' म्हणून साधी सुई त्यात घातली. तिला दोष देत नाही, तिला कोणी शिकवलेच नव्हते. नशिबाने पोर्ट वाचले. तेव्हापासून वहिनींच्या पिशवीत फाइलसोबत दोन ह्यूबर सुया आणि पोर्टचे कार्ड असते.

दुसरी चूक मात्र आमची स्वतःची.

केमो संपला, मग किरणोपचार झाले. डॉक्टर म्हणाले, पोर्ट काही महिने राहू द्या, पण दर चार आठवड्यांनी 'फ्लश' करून घ्या. म्हणजे सुई घालून सलाईनने नळी धुवायची आणि गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिन मिसळलेले पाणी भरून ठेवायचे. पाच-दहा मिनिटांचे काम. त्यासाठी बोईसरहून पहाटेची गाडी, दादरला उतरून परळ, तेथे रांग, आणि घरी यायला रात्र. वहिनींसोबत पतीचा खाडा, म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. त्यांनी आम्हाला विचारले, "जायलाच पाहिजे का?" आम्ही, ज्यांना वैद्यकातले काडीचे कळत नाही त्या आम्ही, मोठ्या ऐटीत म्हणालो, "औषध संपलंय ना? मग कशाला हेलपाटे? पुढच्या तपासणीलाच जा."

चार महिने गेले. तपासणीत डॉक्टरांना पुन्हा उपचाराची गरज वाटली, आणि पोर्टमध्ये सुई घातली तर ना रक्त येईना, ना पाणी जाईना. नळीत रक्त गोठून बसले होते. गुठळी विरघळवणारे औषध आत भरून दिवसभर बसवून ठेवले, तेव्हा संध्याकाळी वाट मोकळी झाली. झाली नसती तर तिला पुन्हा छातीला छेद, पुन्हा खर्च. त्या बाकावर दिवसभर आम्हीही बसलो होतो. वहिनी आम्हाला एक शब्दही बोलल्या नाहीत. उलट डब्यातली अर्धी भाकरी पुढे केली. ती भाकरी गिळताना जे वाटले ते लिहिता येत नाही.

म्हणून सांगतो. काही डॉक्टर आता फ्लशचे अंतर दोन-तीन महिने चालते म्हणतात. पण ते अंतर तुमच्या डॉक्टरने ठरवायचे, विहाराच्या सेक्रेटरीने नव्हे. फ्लशनंतर किंवा सलाईन लावल्यावर तासाभरात हुडहुडी भरून ताप आला, तर पोर्टमध्ये जंतू शिरले असावेत असे समजून त्याच दिवशी इस्पितळ गाठावे, घरी गोळी घेऊन झोपू नये. मान, चेहरा किंवा त्या बाजूचा हात सुजला, डबीभोवती लाली किंवा पू दिसला, औषध चालू असताना तेथे आग होऊ लागली, तर लगेच सांगावे. सिस्टरला 'ओ' द्यायला लाजू नये.

डायलिसिसचे रुग्ण आम्हाला विचारतात, आम्हाला हे चालेल का? नाही. डायलिसिसला रक्ताचा मोठा वेगवान प्रवाह लागतो, त्यासाठी हातावर फिस्टुला करतात. डहाणू-जव्हारच्या आदिवासी पाड्यांत आणि विदर्भातल्या आपल्या बांधवांत सिकलसेलचे रुग्ण आहेत, त्यांनाही वारंवार टोचावे लागते. पण त्यांच्यात गुठळीचा आणि जंतूंचा धोका अधिक, म्हणून डॉक्टर पोर्टचा निर्णय जपून घेतात.

पैशाचे काय? पोर्टची किंमत हजारांत जाते, आणि मजुराच्या घरी हजार म्हणजे हजारच असतात. २०१२ साली जीवनदायी या नावाने सुरू झालेली योजना २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालते. तिच्यात केमोचे उपचार आहेत, पण पोर्टची डबी त्यात धरली आहे की वेगळी, हे शस्त्रक्रियेच्या आधी इस्पितळातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावे. ज्यांच्या पगारातून ई. एस. आय. कापले जाते त्यांनी कार्ड पुढे करावे. पात्र कामगार स्वतः कॅन्सरने आजारी असेल तर दीर्घ आजाराच्या रजेत त्याला पगाराच्या ८० टक्के भत्ता मिळतो. ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांनी तर आपले नाव खरोखर भरले आहे का, ते आजारी पडण्याआधीच तपासावे. धर्मादाय इस्पितळांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवण्याचे कायद्याने बंधन आहे. ते मागितल्याशिवाय कोणी देत नाही, असा आमचा अनुभव.

एक गोष्ट जाता जाता. टाटा इस्पितळ १९४१ साली सुरू झाले आणि १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. आमच्या तारापूरची वीज ज्या खात्याची, त्याच खात्याचे ते इस्पितळ. अणुकेंद्राच्या सावलीत राहणाऱ्या माणसाला पोर्टच्या पाच मिनिटांच्या धुण्यासाठी शंभर किलोमीटर जावे लागते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, कार्यालयांच्या चकचकीत इमारती उभ्या राहिल्या. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात एक सिस्टर शिकवून तयार करणे, कपाटात डझनभर ह्यूबर सुया ठेवणे, याला किती खर्च येतो? तसा अर्ज आम्ही लिहिला आहे. सह्या गोळा करणे चालू आहे.

तोपर्यंत महिला मंडळाने आपली व्यवस्था केली आहे. वर्षावासात आपण आजारी भिक्खूला स्वतः न्हाऊ घालणाऱ्या तथागतांची कथा ऐकतो. ती ऐकून झाल्यावर एका काकींनी उठून विचारले, "मग वहिनींबरोबर या महिन्यात कोण जाणार?" आता पतीचा खाडा होत नाही, पाळीपाळीने बायका जातात. विहारातल्या कॅलेंडरवर पौर्णिमेच्या खुणेशेजारी फ्लशची तारीख आणि सोबत जाणारीचे नाव लिहिलेले असते. पुढच्या वेळेला सासूबाईंनी आपले नाव लिहायला लावले आहे.