कोकीळ आला कुठून?

फेब्रुवारी संपता संपता एखाद्या पहाटे 'कुहू' ऐकू येते आणि 'कोकीळ आला' असे आपण म्हणतो. शाळेच्या निरीक्षण-वहीतही तशीच नोंद होते. पण तो आला कुठून?

खरे तर महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत कोकीळ वर्षभर असतो. थंडीत तो गप्प राहतो, दाट पानांत बसून वड-पिंपळाची फळे खातो. म्हणून आपल्या लक्षात येत नाही. दिवस मोठा होऊ लागला, की त्याच्या शरीरात विणीच्या हंगामाची संप्रेरके वाढतात आणि काळा, लाल डोळ्यांचा नर गाऊ लागतो. तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची मादी 'कुहू' करत नाही.

याच दिवसांत फुललेल्या पळसावर भोरड्यांचे थवे उतरतात. डोके काळे, पाठ-पोट गुलाबी. रोज दिसतात म्हणून त्या इथल्याच वाटतात. पण पावसाळ्याच्या अखेरीस मध्य आशियाकडून आलेल्या या पाहुण्या एप्रिलपर्यंत परत जातात.

एका दिवसाच्या नोंदीवरून हे कळत नाही. म्हणून तारीख, वेळ, ठिकाण आणि झाड यांबरोबर पक्षी 'दिसला' की 'ऐकू आला' हेही मुलांना लिहायला सांगू या. काहीच आढळले नाही, तर तेही लिहावे. 'ऐकू आला' हे निरीक्षण. 'आला' हा आपण काढलेला निष्कर्ष. अशा ४-५ वर्षांच्या वह्या जमल्या, की पहिली 'कुहू' दरवर्षी त्याच आठवड्यात येते का, हे मुले स्वतःच तपासतील.